चिडचिड : शून्य ते चार

पेन अडलंय ते पहिल्याच ओळीवर. 'राग, चिडचिड, वैताग' आणि पुढे आकडे : 0, 1, 2, 3, 4. शून्य म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे तीव्र. सिगारेट सोडलेल्या माणसाला आज दिवसभर कसं वाटलं, ते यातल्या एका आकड्यात बसवायचंय.

खालच्या ओळीही बघा. बेचैनी. उदासपणा. लक्ष न लागणं. वाढलेली भूक. मोडलेली झोप. 'मनाचा निग्रह कमी पडतो' म्हणून ज्याची वर्षानुवर्षं बोळवण झाली, ते सगळं इथे ओळीने मांडलंय. 1986 साली जॉन ह्यूज आणि डोरोथी हात्सुकामी या अमेरिकी संशोधकांनी या लक्षणांची पद्धतशीर मोजणी प्रसिद्ध केली. त्यातूनच आलेली ही मिनेसोटा मापनपट्टी. याच कामाची 1999 ची विस्कॉन्सिन पट्टी बरीच लांब, 28 विधानांची. पण डोकं ठिकाणावर नसताना 28 विधानं वाचायची म्हणजे तीही परीक्षाच!

आता हा दुसरा कागद, सिगारेट सुटण्याआधी भरलेला. त्यावर चिडचिडीपुढे दोन. माणूस मुळातच तापट असेल, तर आज त्याने तीन लिहिले तरी त्यातले दोन त्याचे स्वतःचे. निकोटिन सुटल्याने वाढला तो एकच. आधीचा कागद नसेल, तर नंतरच्या आकड्यावरून काय ताडायचं?

या नळीत फुंकर मारली की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड कळतो. गेल्या काही तासांत सिगारेट ओढली असेल, तर तो सहसा चढलेला दिसतो. चिडचिड मोजणारं असं यंत्र मात्र नाही. तिथे माणसाच्या शब्दावरच विसंबायचं.

म्हणून एक कागद घरच्यांच्याही हातात. त्यावर बाहेरून जाणवतं तेवढंच विचारतात. तलफेचा प्रश्न तिथे नाही. खुद्द सोडणाऱ्याच्या कागदावरही तलफ बेरजेत धरायची की वेगळी ठेवायची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आमच्या मते वेगळी ठेवावी. सिगारेट चालू असतानाही तलफ येतेच की.

लक्षणांची पडद्यावरची ही रेघ साधारण कशी जाते पाहा. पहिल्या चोवीस तासांत चढायला लागते, पहिल्या आठवड्यात शिखर गाठते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी उतरते. भूक तेवढी मागे रेंगाळते.

बरेच जण या चढावरच पुन्हा सिगारेट पेटवतात. निकोटिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी किंवा च्युइंगगम देऊन हा चढ किती कमी होतो, तेही याच कागदावर मोजतात.