कुंपणावरची कपाळफोडी

(दृश्य : जुलै महिना. गंजलेलं तारेचं कुंपण, त्यावर कोवळा हिरवा गुंता.)

पावसाळा अंगात भिनला की रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावर, बांधावर, रुळांच्या कडेला ही वेल चढू लागते. फुलं पांढरी, पण इतकी बारीक की नजर त्यांच्यावर ठरतच नाही. त्यामुळे माळीबुवांच्या हाती ती लागली की तण म्हणून उपटली जाते. नर्सरीत विचारायला जाऊ नका, सहसा मिळत नाही. हिचं नाव कपाळफोडी. हिला लागणारा हिरवा फुगा कपाळावर आपटून फट् आवाज काढणारी मुलं अजून गावोगाव आहेत, म्हणून नावाचा खुलासा नको.

(दृश्य : हिरवे, तीन धारांचे फुगे. शेजारी रानपोपटी.)

फुगे दिसले की काही जण हिला रानपोपटी समजतात. पण रानपोपटी हे झुडूप आहे, ते चढत नाही. शिवाय तिचा फुगा म्हणजे फुलाच्या हिरव्या पाकळ्यांची वाढलेली पिशवी, आणि आत एक रसाळ फळ. कपाळफोडीत मात्र फुगा हेच फळ. आत कागदी पडद्यांचे तीन कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात साधारण एकेक बी.

फुगे धरण्याआधी ओळखायचं कसं? पान पाहा. देठाला तीन फाटे, प्रत्येक फाट्यावर तीन छोटी, खोल दातऱ्या कडांची पानं. झाली नऊ. तरीही शंका असेल तर ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, शोधा. माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण तीच. कारल्या-काकडीचा ताणा खोडावर, पानाशेजारी फुटतो. इथे फुलांचा लांब दांडा निघतो आणि त्याच दांड्यावर, फुलांच्या खाली, ताण्यांची जोडी असते. आधी धरून ठेवायचं, मग फुलायचं!

(दृश्य : तळहातावर काळं बी.)

सुकलेल्या फुग्यातलं बी काळंभोर, आणि त्यावर पांढरा ठिपका, थेट पत्त्यातला बदाम. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं कार्डिओस्पर्मम हे नाव या खुणेला धरून आहे, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ हृदय-बी. कुळ मात्र रिठ्याचं, म्हणजे लिची आणि कोशिंबही हिच्या नात्यातले.

या पोकळ फुग्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. फ्लोरिडात हिच्या सख्ख्या बहिणीच्या वेलीवर एक लाल-काळा किडा जगतो. फुग्याला सोंड टोचून तो आतलं बी शोषतो. बी भिंतीपासून लांब, म्हणून सोंडही लांब. पुढे तिथे शोभेसाठी परदेशी झाडं लावली गेली, त्याच कुळातली, पण चपट्या शेंगांची. किडे त्या झाडांवर गेले, आणि काही दशकांतच तिथल्या किड्यांच्या सोंडा आखूड झाल्या. स्कॉट कॅरोल आणि क्रिस्टिन बॉइड या संशोधकांनी १९९२ मध्ये हे मोजमापांसह मांडलं. उत्क्रांती इतकी झटपट, तीही एका फुग्यातल्या पोकळीपायी.

(दृश्य : कुंडी, पॉलिश पेपर, वाटीभर पाणी.)

आता लागवड. बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकंसं घासा, रात्रभर भिजवा आणि जूनमध्ये अर्धा इंच खोल पेरा. ऊन भरपूर हवं. खताची हौस आवरा. नुसता पाला वाढवून काय उपयोग? भिंतीवर किंवा जाड खांबावर ताणे पकडत नाहीत, त्यामुळे सुतळी नाहीतर जाळी बांधा. गुलाबाशेजारी लावू नका, चढून त्याला झाकून टाकेल.

कोवळा पाला तमिळनाडूत डोशाच्या पिठात वाटून घालतात. केरळच्या दशपुष्पांत, म्हणजे तिथे मानाच्या समजल्या जाणाऱ्या दहा वनस्पतींतही ती आहे. सांधेदुखीवर औषध म्हणून घ्यायची असेल तर मात्र आधी वैद्यांना विचारा.

(दृश्य : ऑक्टोबर. तपकिरी, कागदी फुगे वाऱ्यावर हलताहेत.)

फुगे वाऱ्याने गडगडतात, पाण्यावर तरंगत दूर जातात. म्हणून तपकिरी होताच तोडा आणि बी कागदी पुडीत ठेवा. शेजारी सोयाबीनचं शेत असेल तर जास्तच जपा. बी जवळपास सोयाबीनच्याच आकाराचं, चाळणीने वेगळं होत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतकरी याच कारणाने हिच्यावर वैतागलेले असतात. उरलेलं बी कंपोस्टमध्येही टाकू नका, नाहीतर पुढच्या पावसात खत घातलेल्या प्रत्येक कुंडीत कपाळफोडीच उगवेल.