सध्या काय लावलंय? : नागपुरातल्या जॅझ ऐकणाऱ्यांची सकाळ

(दृश्य: मे महिना, सकाळचे सात. धरमपेठेतल्या जुन्या घराची पुढची खोली. पडदे ओढलेले, कूलर बंद.)

नागपुरात उन्हाळ्यात रेकॉर्ड ऐकायची तर सकाळी सात ते नऊ. पुढे कूलर लावावाच लागतो, आणि कूलरच्या घरघरीत जॅझमधलं सगळ्यात हळू ते आधी बुडतं. ड्रमवर फिरणारा ब्रश, बासच्या तारेवरून घसरणारं बोट, पियानोच्या सुराचं विरत जाणं. ट्रम्पेट तेवढा उरतो. म्हणून इथले जॅझवेडे भल्या सकाळी जमतात, आणि चहाच्या आधी विचारतात: सध्या काय लावलंय?

उत्तरात नुसतं अल्बमचं नाव सांगून भागत नाही. कोणती प्रत, कोणती बाजू आणि ती कशावर वाजवली, हेही सांगावं लागतं. दोघांनी एकच अल्बम ऐकला तरी दोघांच्या कानावर एकच गोष्ट पडली असेल, याची खात्री नसते.

(दृश्य: सुई तबकडीवर उतरते. बास आणि पियानोची हलकी सुरुवात.)

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत मुद्रित झालेला. पहिल्या बाजूवर पहिलाच 'सो व्हॉट' आहे, आणि रागसंगीतावर कान तयार झालेल्यांना जॅझमध्ये शिरायला याच्याइतकी मोकळी वाट दुसरी नाही. षड्ज पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला धरा. सूर काफी थाटाचे, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. चार-चार मात्रांचे सोळा बार वादक तिथेच राहतात. मग सगळंच्या सगळं अर्ध्या सुराने वर, काळी दोनला उचललं जातं. तिथे आठ बार, आणि परत आठ बार पांढरी दोनला. बत्तीस बारांचं एक आवर्तन झालं. माइल्स, आणि सॅक्सोफोनवरचे जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांना प्रत्येकी दोन आवर्तनं, बिल एव्हान्सच्या पियानोला एक.

हे पकडायचं कसं? मोबाइलवर तंबोरा पांढरी दोनला लावा, आवाज अगदी बारीक ठेवा. तंबोरा कानाला टोचायला लागला की वादक काळी दोनला गेले. टोचणं थांबलं की ते घरी परतले. दोन-तीनदा असं ऐकलं की तंबोऱ्याची गरज राहत नाही.

पण जुनी प्रत असेल तर गडबड होते. तंबोरा सुरुवातीपासूनच जुळत नाही. २ मार्चला मुद्रणाचं टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली गेली, त्यामुळे पहिली बाजू चढी ऐकू येते. पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी. १९९२पासूनच्या सुधारित आवृत्त्यांत हे दुरुस्त होत गेलं. जुन्या प्रतीच्या मालकाला वाटतं, आपलाच प्लेअर वेगात फिरतोय. त्याने घाईने पेचकस हातात घेऊ नये. आधी दुसरी बाजू लावावी. तिथला 'ऑल ब्लूज' २२ एप्रिलचा आहे, त्याचा षड्ज पांढरी पाच. दुसरी बाजू तंबोऱ्याशी जुळली आणि पहिली नाही, तर प्रत जुनी आहे, प्लेअर ठीक आहे. दोन्ही बाजू सारख्याच हलल्या असतील, तर मात्र प्लेअर उघडा.

(दृश्य: प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, उचललेला. खाली मोटर, पितळी पुली, रबरी बेल्ट.)

प्लेअर परदेशातून आणलेला असेल तर आधी वीज तपासा. जपानहून आलेला १०० व्होल्टचा बेल्टवाला प्लेअर लोक ट्रान्सफॉर्मरवर लावतात आणि निश्चिंत होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. भारतात ती ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेत ६०, आणि जपानात अर्ध्या भागात ५०, अर्ध्या भागात ६०. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग या वारंवारतेवरच ठरतो. ६०साठी कापलेली पुली आपल्याकडे लावली की मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे पडतात. सूर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरतो आणि लय बसते. उपाय एकच, ५० हर्ट्झची, थोडी जाड पुली. क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे बेल्टशिवायच्या प्लेअरला, ही अडचण नाही.

वेग तपासायला प्लॅटरवर ठेवायची १८० रेघांची स्ट्रोब चकती पुरते. ती ५० हर्ट्झची आहे ना, हे बघून घ्या. ६०ची चकती २१६ रेघांची असते. खोलीत साधा पिवळा बल्ब किंवा निऑन इंडिकेटर लावा आणि रेघा स्थिर दिसतात का पाहा. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. एलईडी दिव्याखाली ही तपासणी बहुधा फसते, कारण बरेच एलईडी विजेच्या तालावर लुकलुकत नाहीत.

(दृश्य: छोटा डिजिटल काटा. सुई त्यावर टेकते: १.८.)

सुईचा दाब हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा विषय. हलका दाब म्हणजे तबकडीची काळजी, असं मानून लोक १ ग्रॅमवर नेऊन ठेवतात. उलटंच होतं. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या वळणांवर खाचेच्या भिंतींवर आपटते आणि तिथली माहिती कायमची खरवडते. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर लिहिलेलं मानावं. ऑर्टोफॉन टू-एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ईला २. आधी मागचं वजन फिरवून सुईचा हात (टोनआर्म) तरंगता करा, आकड्याची चकती शून्यावर आणा, मग दाब द्या आणि काट्यावर खात्री करा.

(दृश्य: बंद गाडीच्या मागच्या सीटवर रेकॉर्डची पिशवी.)

ही चूक नागपुरात करूच नये. तबकडीचं व्हिनाइल साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच बंद असली की आत तेवढी उष्णता सहज जमते. वाकलेली तबकडी घरच्या घरी नीट सरळ होत नाही. कपाटात रेकॉर्ड सरळ उभ्या, घट्ट नाही पण कलू न देता ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येतो. कूलरसमोर कपाट नको, ओलाव्याने कव्हरं फुगतात. कोरड्या उन्हाळ्यात स्थिर वीज साठून टक-टक आवाज येतो. कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन फेरे टेकवला की ती निघते आणि धूळही.

(दृश्य: बोटांवर मोजणारे हात.)

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट'ही १९५९चाच. त्यातल्या पाच मात्रांच्या 'टेक फाइव्ह'ला झपताल लावून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच फसतात. झपताल दोन-तीन-दोन-तीन. इथे आधी तीन, मग दोन. जो मोरेलोच्या ड्रम सोलोत हरवलात तर पियानोला धरा, तो तीच ओळ शेवटपर्यंत सोडत नाही. याच अल्बममधल्या 'ब्लू रोन्डो आ ला तुर्क'मध्ये नऊचे गट दोन-दोन-दोन-तीन असे तीनदा, आणि चौथ्यांदा तीन-तीन-तीन.

शंकर-जयकिशनचा 'रागा जॅझ स्टाइल', १९६८चा. रईस खाँची सतार, अकरा राग. तोडीने सुरू होतो. हा प्रत्येक बैठकीत कुणाकडे तरी असतोच.

(दृश्य: उघडलेलं दुहेरी कव्हर.)

कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी, एका दिवसात मुद्रित झाला. त्याचा शेवटचा भाग 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र) तबकडीच्या अगदी आतल्या खाचांवर येतो. तिथे सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेच्या अर्ध्याहूनही कमी असतो. कार्ट्रिज जरा तिरकं बसलं असेल तर कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन आधी किरटा होतो. म्हणून कार्ट्रिज सरळ बसलंय का, हे पाहायला हाच भाग लावतात.

या भागात ठेका नाही. ड्रमर एल्विन जोन्स टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर आहे, आणि कोल्ट्रेन कव्हरवर छापलेली स्वतःची प्रार्थना शब्दागणिक सॅक्सोफोनवर म्हणतो. कव्हर मांडीवर उघडं ठेवा आणि ओळीवर बोट ठेवून ऐका. पहिल्या वेळी बोट मागे राहतं. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा कुठल्या शब्दावर त्याचा श्वास थांबतो, ते नेमकं सापडेल.