खाराला वाट हवी

नमस्कार श्रोतेहो. उजनीच्या कालव्याखालची काही उसाची रानं उन्हाळ्यात मीठ वर येऊन पांढरी पडतात. अशा रानाच्या मालकांनी अलिबाग-पेणच्या खाडीकाठची भातशेती समजून घ्यावी. तिथली खार जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे, तरी वर्षानुवर्षं भात देते.

खाडीच्या बाजूला चिखलमातीचा बांध असतो आणि त्यात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे बाहेरून टेकणारी झडप. भरती चढली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पाऊस शेतात साठतो, मीठ विरघळवतो, ओहोटीबरोबर घेऊन जातो. हे अनेकदा झालं की मगच लावणी.

रोपं पंचवीस-तीस दिवसांची घेतात, कारण कोवळं रोप खार सोसत नाही. चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या लावतात. काही मरणार हे धरलेलंच असतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल १, २ आणि ३ ही वाणं याच जमिनींसाठी आहेत. लावणीच्या दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे होडीवरचे हातही शेताला मिळतात. शेताजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवतात. त्याची पिल्लं मात्र एका मापाची सोडावी लागतात, नाहीतर मोठी लहानांना गिळतात.

बिघडतं कुठं? झडपेत ओंडका अडकला की एका भरतीत खारं पाणी आत येतं. खेकड्यांची बिळं वेळेत बुजवली नाहीत, किंवा दुरुस्तीची माती बांधाच्या पायथ्यालाच खणली, तर उधाणात खांड पडते. मग ती जमीन ताळ्यावर यायला दोन-तीन पावसाळे जातात. पाऊस लवकर उघडला तर फुलोऱ्याच्या वेळी खालचं मीठ वर चढतं आणि लोंब्या पोचट राहतात.

आता आपलं रान. तिकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडे साडेपाचशे-सहाशे. तेवढ्यात मीठ धुवायचं तर निचऱ्याला फार जपावं लागतं. आपण उलट करतो: रान खारवटलं की पाटाचं पाणी वाढवतो. काळ्या जमिनीत ते खाली जात नाही, पाणीपातळी वर येते आणि मीठही वर येतं. आधी उताराच्या कडेला चार-पाच फूट खोल चर काढा, त्याचं तोंड ओढ्याला जोडा, गाळ दरवर्षी काढा. शेजाऱ्याच्या रानात तोंड सोडलंत तर तुमचा खार त्याच्याकडे जाईल. म्हणून चर शिवारानं मिळून काढावा.

जिप्सम, म्हणजे सोडियम साचलेली जमीन सुधारायला टाकतात ते खनिज, घाई करून टाकू नका. मातीचे नमुने वरच्या एका फुटाचे आणि त्याखालच्या फुटाचे वेगवेगळे द्या, नुसता पांढरा थर खरवडून देऊ नका. विद्युतवाहकता (क्षारांचं माप) ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) साडेआठच्या आत आणि सोडियम कमी असेल तर जमीन क्षारयुक्त; तिला निचरा आणि गोडं पाणी पुरतं. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण. तिथं जिप्सम लागतं, तेही अहवालातल्या मात्रेनं आणि चर वाहता झाल्यावर.