शाळिग्रामाच्या आत

(दृश्य : पंचवटीतला जुना वाडा, देवघर, अभिषेक)

ताम्हनात शाळिग्राम. वरून पळीभर पाणी, मग अष्टगंध, मग तुळशीचं पान. याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, असं मानतात. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा कुठे बाळकृष्ण नवरदेव असतो, कुठे हा.

आता ही वळणं जवळून पाहा. वज्रकीट नावाच्या किड्यानं दगडात चक्र कोरलं, अशी पुराणकथा आहे. किडा नव्हता, पण जीव नक्की होता. माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या नात्यातला, शंख बांधून राहणारा अमोनाइट.

(दृश्य : कापलेला नमुना, संथ फिरता)

नाशिकच्या एका संग्राहकाकडचा हा अमोनाइट मादागास्करचा आहे. मधोमध कापून पॉलिश केलेला. प्राणी राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. अंग वाढलं की पुढे सरकायचा आणि पाठीमागे पडदा घालून घ्यायचा. सगळ्या पडद्यांमधून गेलेली एक बारीक नळी मागच्या कप्प्यांतलं पाणी ओढून घ्यायची, जागा वायूनं भरायची. म्हणून एवढा शंख घेऊनही तो बुडत नसे. पडदा शंखाला आतून टेकतो तिथे नागमोडी रेघ असते. तिच्यावरून अभ्यासक गट ओळखतात. मधाच्या रंगाचं दिसतंय ते कॅल्साइट, नंतर साचलेलं.

(दृश्य : पुन्हा देवघर, हातातला शाळिग्राम)

हा आला नेपाळमधून, मुक्तिनाथच्या बाजूनं वाहणाऱ्या काली गंडकीतून. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. मेलेला अमोनाइट तळाच्या काळ्या गाळात रुतला, भोवतीचा गाळ घट्ट होऊन गोळा बनला. पुढे भारतीय भूखंड आशियाला भिडला, समुद्रतळ उचलला जाऊन हिमालयात गेला. नदीनं ते गोळे सुटे केले, घासले, पात्रात आणून टाकले. एवढा प्रवास केलेली वस्तू घरात असताना मुलांना ती लांबूनच का दाखवायची? सोवळ्याचा प्रश्न असेल तर अंघोळ घालून बसवा, पण हातात द्या.

(दृश्य : रामकुंड, मग पांडवलेणी)

गोदापात्रातला काळा गोटा दाखवून 'हा शाळिग्राम का?' असं विचारणारे भेटतात. नाही. नाशिकचा दगड लाव्ह्याचा, बेसॉल्ट. त्यात पोकळ्या मिळतील, पोकळ्यांत सुंदर स्फटिकही मिळतील. अमोनाइट मिळणार नाही. पांडवलेणीतले हे छिन्नीचे घाव त्याच दगडावरचे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा दख्खनवर पसरत होता आणि त्याच सुमारास अमोनाइट संपले. मुख्य कारण मेक्सिकोत आदळलेला अशनी मानतात. लाव्ह्याचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. नात्यातला नॉटिलस मात्र तगला. त्याची अंडी मोठी, पिल्लं खोल पाण्यात वाढणारी. अमोनाइटची पिल्लं इवलीशी, बहुधा वरच्या पाण्यात तरंगणारी, आणि फटका तिथेच जास्त बसला, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.