फॉर्म भरायच्या आधी

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात पलूस तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलं. पत्रकारितेची पदवी झालीय. एका स्थानिक वाहिनीसाठी बातम्या करते, कॅमेरा तिचा, गाडीतलं पेट्रोलही तिचंच. चार महिन्यांचं मानधन थकलंय. घरचे म्हणतात, बी.एड. कर. तिला वाटतं पत्रकारितेतच एम.ए. करावं, तोवर दिवस पालटतील. शेवटी एका ओळीत विचारलंय, 'मॅडम, शिकू का नको?'

उत्तर आधीच सांगते. बाळ, शिक. पण पत्रकारितेचीच दुसरी पदवी घेऊ नकोस, ज्यावर बातम्या करतेस त्या विषयाची पदवी घे. आणि हातातलं काम सोडून शिकू नकोस. ऐकणाऱ्या बाकीच्यांसाठी पुन्हा सांगते: विषयाची पदवी, आणि काम न सोडता.

हे मी कशी शिकले, ते आज सविस्तर सांगणार आहे.

२००५ चा पावसाळा. मी सांगलीत एका दैनिकात उपसंपादक होते. आवृत्ती बंद होणार अशी कुजबुज सुरू होती. दोघांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगून झालं होतं. माझ्या टेबलाच्या खणात पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज भरून ठेवलेला होता, टाचणीनं डिमांड ड्राफ्ट लावून. नोकरी गेली तर निदान विद्यार्थिनी तरी म्हणवता येईल, एवढाच त्यामागचा विचार.

त्या पावसाळ्यात एका रात्री पान छपाईला सोडायला दहा मिनिटं राहिली होती. बाहेर पाऊस धरून बसलेला. वार्ताहराचा फोन आला, आवाज तुटत होता. तो म्हणाला, वरच्या कोयना धरणातला साठा कालच्यापेक्षा दोन टीएमसीनं उतरलाय. टीएमसी हे धरणातलं पाणी मोजायचं माप. मी मथळा केला, 'धरणातून अवघे दोन टीएमसी पाणी'. मथळ्याच्या ओळीत एका शब्दाची जागा रिकामी राहत होती, तिथं मी 'अवघे' बसवला. पान गेलं.

अवघे, तब्बल, चक्क. हे तीन शब्द वर्तमानपत्रांनी कायमचे सोडून द्यावेत असं माझं फार वर्षांचं मत आहे. आकडा लहान की मोठा हे कळण्याइतकी माहिती वाचकाला द्यावी, मग तो स्वतः ठरवतो. असो.

पूर ओसरल्यावर आठेक दिवसांनी ऑफिसात एक बाई आल्या. नदीकाठच्या गल्लीतल्या. साडीच्या काठाला अजून गाळाची रेघ होती. दुधाच्या पिशवीत घडी घालून आणलेलं आमचं पान त्यांनी टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "ताई, शेजारी म्हणत हुते, मशीन माळ्यावर चढवा. मी म्हटलं, पेपरात अवघं दोनच लिवलंय, एवढ्यानं काय हुतंय. दिवाळीचे बत्तीस ब्लाऊज हुते मशीनवर, लोकांचे." आवाज चढला नव्हता. शिलाई मशीन गाळात गेली होती आणि लोकांचं कापड भरून द्यायचं होतं. मला तोंडातून शब्द फुटेना.

त्यांच्यासोबत शेजारचे एक गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जन्म पाणी मोजण्यात गेलेला. त्यांनी मला विचारलं, "पोरी, बादली हाय का हितं?"

ऑफिसच्या मागं मोरी होती. तिथं बादली नळाखाली ठेवली, भरू दिली. नळ तसाच चालू ठेवून त्यांनी तांब्यानं भराभरा पाणी उपसून मोरीत ओतायला सुरुवात केली. थोड्या वेळानं थांबले आणि आत बोट घालून दाखवलं. "बादली किती उतरली? दोन बोटं. मग मोरीत दोनच बोटं पानी गेलं का?"

नळ चालू होता, श्रोतेहो. नळातून आलेलं सगळं पाणी, आणि वर ती दोन बोटं, एवढं मोरीत गेलं होतं. धरणाचंही तेच. वरून पावसाचं पाणी धो धो येत असताना साठा दोन टीएमसीनं उतरला, याचा अर्थ आलेलं सगळं पाणी आणि वर दोन टीएमसी नदीत सोडलेलं होतं. मी त्याला 'अवघे' म्हटलं होतं.

मग त्यांनी छपाईच्या रद्दी कागदावर हिशेब मांडला. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की एक टीएमसी म्हणजे दिवसभर सतत वाहणारे साधारण साडेअकरा हजार क्यूसेक. दोन टीएमसी म्हणजे तेवीस हजार, आणि हे धरणात येणारं पाणी धरायच्या आधी. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, सांगलीत तुंबतं. हे सगळं त्यांनी मला वीस मिनिटांत सांगितलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे मी रोज छापत होते. पण कोयनेचा आकडा आणि पुलावरचा आकडा यांची सांगड मला घालता येत नव्हती. (सांगलीतल्या प्रत्येक शाळेनं मुलांना वर्षातून एकदा पुलावर नेऊन ते फुटांचे आकडे वाचायला शिकवावं. सहल महाबळेश्वरला नंतर न्यावी.)

संध्याकाळी मी खण उघडला. अर्जाच्या पाठीमागं अभ्यासक्रम छापलेला होता: मुद्रितमाध्यमं, संपादनकला, जनसंपर्क. चांगलेच विषय होते. पण मथळा कसा करायचा हे मला येत होतंच. येत नव्हता तो नळाचा आणि बादलीचा हिशेब. तो अर्ज मी पाठवला नाही. पुढच्या वर्षी शिवाजी विद्यापीठात बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. रात्री पान सोडून घरी यायचं आणि पहाटे तासभर वाचायचं. दोन वर्षांचं तीन वर्षं झालं.

आवृत्ती अखेर बंद पडली. पण तोवर मला कारखान्याचा ताळेबंद वाचता येत होता. साखर उताऱ्यावरून एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, कशी निघते, १४ दिवसांत बिल नाही दिलं तर व्याज किती, हे गणित करून मी बातमी देत होते. ऊस, हळद, बेदाणा यांवर चालणाऱ्या जिल्ह्यात अशी बातमी देणारी माणसं तेव्हाही कमी होती, आजही कमीच आहेत. त्यामुळं मला काम मिळत राहिलं. पगार कधी बरा, कधी अगदी तोकडा, पण काम मिळत राहिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच बाईंचा फोन आला. नवी मशीन घेतलेली होती. "ताई, आत येतंय किती, सोडतायत किती?" बघा, काय विचारावं हे त्यांनाही आता ठाऊक होतं. मी दोन्ही आकडे सांगितले आणि म्हटलं, काकू, आत्ताच चढवा. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. मशीन माळ्यावर होती.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगते. प्राध्यापक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्या पदासाठी नेटसारख्या पात्रता परीक्षेसोबत पदव्युत्तर पदवी लागतेच, खुल्या गटाला ५५ टक्क्यांनी. मग पत्रकारितेतच एम.ए. करावं. बातमीदारीचं कसब शिकायचं असेल तर पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूट आहे, आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेचं अमरावतीचं केंद्र आहे. काम करत शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये निघालेलं नाशिकचं मुक्त विद्यापीठही आहे. पण कर्ज काढून खासगी मास कम्युनिकेशनची लाखांची फी भरू नये. ज्या धंद्यात मानधन चार महिने थकतं, तिथून हप्ता वेळेवर जायचा नाही. कर्ज नको, हे दोनदा सांगते.

पत्रकारानं एखादा विषय पक्का शिकावा, हे काही नवं नाही. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी पुढं एलफिन्स्टनमध्ये गणित शिकवलं. आणि कमवत शिकण्यात कमीपणा वाटत असेल, तर आपल्याच भागातल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करावी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतली पोरं श्रम करून शिकली, आणि ती गोष्ट ती अभिमानानं सांगत.

पलूसच्या मुली, तुझ्या पत्रात तू एक वाक्य ओझरतं लिहिलंस. द्राक्षबागांच्या पीकविम्याची बातमी करताना कंपनीचा माणूस काय बोलला ते कळलंच नाही, असं. तुझा विषय मला तिथं दिसतो. विमा, कायदा, शेतीचं अर्थशास्त्र, यातलं काय घ्यायचं ते तू ठरव. फॉर्मची तारीख जायच्या आत थकलेल्या मानधनाची मागणी लेखी कर आणि पोच घे. कोणत्या विषयाला नाव घातलंस ते पोस्टकार्डावर कळव, मी वाट बघते. नमस्कार.