मखर कापणारा लेझर घशात कसा पोचला

(मुंबईतलं साकीनाका. गल्लीतला गाळा, आत लेझर कटिंगचं मशीन चालू आहे.)

हा लाल ठिपका दिसतोय ना, तो कापत नाहीये बरं का. तो फक्त नेम दाखवायला लावलाय. कापणारा किरण डोळ्याला दिसतच नाही, त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या साधारण पंधरा-सोळा पट.

गणपती महिन्यावर आलेत, त्यामुळे इथे रात्री उशिरापर्यंत मशीन थांबत नाही. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचं बरंचसं काम एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नि अ‍ॅक्रेलिककडे वळलं, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाईल पेनड्राइव्हवर घेऊन यायची, शीट बेडवर टाकायची आणि थोड्या वेळात नक्षीची कमान घेऊन जायची. अ‍ॅक्रेलिकची कड बघा कशी चकाकतेय, पॉलिश वगैरे काही केलेलं नाही, किरणानेच कड वितळून गुळगुळीत झालीये. फक्त कोणी पीव्हीसीची शीट घेऊन आलं की मालक हात जोडतात. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, श्वासाचे हाल होतात आणि मशीनलाही गंज चढतो.

मशीनच्या मागच्या बाजूला काचेची लांब नळी आहे, तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हीलियम. वीज सोडली की आधी नायट्रोजनचे रेणू थरथरायला लागतात, ती ऊर्जा ते कार्बन डायऑक्साइडला देतात, तो ती प्रकाश म्हणून सोडतो, आणि हीलियम त्या रेणूंना पटकन खाली आणून पुढच्या फेरीला मोकळं करतो, शिवाय उष्णताही बाहेर काढतो. तरी नळी तापतेच, म्हणून शेजारी तो पाणी गार ठेवणारा चिलर घरघरतोय.

हा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू लेझर शोधला चंद्रकुमार पटेल यांनी, 1964 साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत. जन्म 1938 चा, बारामतीचा! बारामती म्हटलं की आपल्याकडे गप्पा लगेच राजकारणावर जातात, हे नाव मात्र फारसं कोणी काढत नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते स्टॅनफर्डला गेले आणि हा शोध लागला तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडली होती. सुरुवातीला निघत होता मिलिवॅटभर प्रकाश, मग नायट्रोजन आणि हीलियम मिसळल्यावर तोच लेझर शंभर वॅटच्या पुढे गेला.

(ऑपरेशन थिएटर. मायक्रोस्कोपला जोडलेला लेझर.)

आता गाळ्यातून ऑपरेशन थिएटरात येऊ. किरण तोच, 10.6 मायक्रॉन. पाणी हा प्रकाश वरच्या वरच पिऊन टाकतं आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे किरण जिथे पडतो तिथल्या पेशींची वाफ होते आणि खालचं बरंचसं शाबूत राहतं. बारीक रक्तवाहिन्या कापता कापताच बंद होतात, रक्त कमी येतं, सर्जनला नीट दिसतं. स्वरयंत्रावरच्या गाठी, पॅपिलोमा (चामखिळीसारखी वाढ), सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर, हे सगळं तोंडावाटे, बाहेरून गळा न कापता काढता येतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे करून दाखवलं. एक अडचण होती, साधी ऑप्टिकल फायबर काचेची आणि काचही हा प्रकाश पिते, म्हणून किरण सहसा आरशांच्या सांधेदार हातातून वळवत वळवत आणतात.

खरी भीती आगीची. पेशंटच्या श्वासनलिकेत नळी, नळीतून ऑक्सिजन, आणि दोन बोटांच्या अंतरावर लेझर चाललेला! म्हणून नळी खास लेझरसाठी बनवलेली असते, ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आत ठेवतात, आजूबाजूला ओली गॉज ठेवतात. नळीच्या टोकाला जो फुगा असतो त्यात हवा न भरता निळा रंग घातलेलं सलाइन भरतात, म्हणजे चुकून किरण फुग्याला लागलाच तर निळं पाणी लगेच दिसतं आणि ठिणगी तिथल्या तिथे विझायला मदत होते. अ‍ॅनेस्थेशियावाल्या डॉक्टरांचं लक्ष सतत तिकडे.

स्किन क्लिनिकमध्ये मात्र असली धास्ती कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, आणि मला वाटतं थोडी असावी. पिंपल्सच्या खड्ड्यांवर फ्रॅक्शनल सीओटू लेझर चांगला चालतो, तो त्वचेला बारीक बारीक भोकं पाडतो, मधली त्वचा तशीच सोडतो आणि जखम तिथून भरून येते. पण आपल्या सावळ्या रंगाला यानंतर काळे डाग पडायचा धोका जास्त, सेटिंग कमी-जास्त झालं किंवा नंतर ऊन सांभाळलं नाही की डागांसाठी वेगळी ट्रीटमेंट सुरू. त्यामुळे ऑफर बघून पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा.

आणि तुम्ही हे ज्या मोबाईलवर बघताय तो नवा, महागातला असेल तर त्याच्या चिपमागेही बहुतेक हाच लेझर आहे. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या चिप छापणाऱ्या मशीनमध्ये वितळलेल्या कथिलाचे थेंब पडत असतात, सेकंदाला 50,000, आणि प्रत्येक थेंबाला पडता पडता कार्बन डायऑक्साइड लेझरचा फटका बसतो. त्यातून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि चिपवरच्या सगळ्यात बारीक रेघा त्याच्याने छापतात.

गाळ्यात मात्र आता फायबर लेझरची, म्हणजे काचेच्या फायबरमध्येच किरण तयार करणाऱ्या लेझरची चर्चा. स्टील कापायला तो सरस, विजेचं बिलही कमी येतं, पत्र्याचं काम करणारे बरेच जण तिकडे गेलेत. पण त्याचा प्रकाश एक मायक्रॉनचा, पारदर्शक अ‍ॅक्रेलिकमधून तो सरळ आरपार जातो. त्यामुळे मखर, नेमप्लेट, ट्रॉफीची ऑर्डर आली की परत हीच काचेची नळी, आणि तिच्या शेजारचा चिलर.