पुढून खडखड येतेय? आधी गाडीखाली बघू

खड्ड्यात चाक गेलं की पुढून खडखड, आणि कोणाला विचारलं की लगेच उत्तर, शॉकअप गेले, जोडी बदलून टाका. थांबा जरा, खर्च करायच्या आधी गाडीखाली नीट बघू.

चाकाच्या मागे स्प्रिंगच्या आत उभं नळकांडं दिसतंय ना, तो स्ट्रट, शॉकअप म्हणतात तो याच्यातच असतो. गाडीचं पुढचं वजन याच्यावर, धक्का जिरवायचा यानेच, आणि स्टेअरिंग फिरवलं की चाकाबरोबर हाही फिरतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरची ही रचना, 1950 मध्ये फोर्डच्या कॉन्सल गाडीत दिसली, जागा कमी लागते, सुटे भाग कमी, म्हणून 1983 ची मारुती 800 घ्या नाहीतर आजच्या बहुतेक हॅचबॅक, पुढे हीच व्यवस्था.

आता तपासणी. बॉनेट दाबून सोडलं आणि गाडी दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप नक्की ढिले, पण एकदाच हलून थांबली म्हणजे चांगले आहेत असं अजिबात नाही. टॉर्च घ्या, स्ट्रटच्या दांड्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, वर सरकवा आणि दांडा बघा. नुसता ओलसरपणा चालतो, पण तेल खालपर्यंत ओघळलंय, त्यावर धुळीचा काळा चिकट थर बसलाय, तर सील गेलं. मग टायरवरून सावकाश तळहात फिरवा, हाताला उंच-सखल लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर नीट टेकतच नाहीये. आणि छोट्या खड्ड्यांवर, कमी स्पीडला टकटक येत असेल तर आधी लिंक रॉड, म्हणजे स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारा बारीक दांडा, हलवून बघा, तो स्वस्तात बदलतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग "टण्ण" करत उडी मारते? मग वरचं माउंटिंग, म्हणजे स्ट्रट बॉडीला जोडणारा भाग, किंवा त्यातली बेअरिंग बघा.

शॉकअपच गेलेत हे पक्कं झालं की दोन्ही बाजूचे बदला, एक नवा एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना, वळताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

आता बदलायचं काम. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक काढा, ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि लिंक रॉड सोडवा. खालचे दोन मोठे बोल्ट काढण्याआधी स्ट्रट नेमका कसा बसलाय त्याची खडूने खूण करा, आणि बोल्ट निघाल्यावर नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, बाहेर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा, नाहीतर ब्रेकच्या पाइपवर आणि एक्सलवर ताण येतो. मग वरचे माउंटिंगचे नट काढायचे.

पण माउंटिंगच्या मधोमध असलेल्या नटाला हात लावायचा नाही! हे ठासून सांगतो, कारण जॅकइतकीच जीवावर बेतेल अशी जागा ही आहे. त्या नटाने दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलीय, स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो उघडला तर माउंटिंग सरळ तोंडावर उडेल. कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावा, एका बाजूला थोडे आटे, मग दुसऱ्या बाजूला थोडे, हाताच्या पान्यानेच, इम्पॅक्ट गन नको, आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत नको. स्प्रिंग बैठकीत सैल हलायला लागली की मगच मधला नट. चांगला कॉम्प्रेसर मिळत नसेल तर स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्या, एवढंच काम तिथे करून घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. दांडा पकडीने धरू नका, बारीक ओरखडासुद्धा सील फाडतो. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलंय का बघा, नट नवीन वापरा, टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

सगळं बसवलं की सरळ अलाइनमेंटला. खूण जुळवली असली तरी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलतोच, नव्या टायरची कड आठवड्याभरात खायला लागू नये, म्हणून त्याच दिवशी.